समजा, मगदूम बाई नाहीत

मगदूम बाई आमच्या दूध संघात क्वालिटीच्या प्रमुख होत्या, पण पाठीमागं त्यांना सगळे 'समजा बाई' म्हणायचे. बाईंचं कुठलंही वाक्य 'समजा'पासून सुरू व्हायचं, आणि ते कानावर पडलं की समोरच्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. "समजा, बॉयलर बंद पडला." "समजा, लाइट गेली आणि जनरेटरवाला लग्नाला गेलाय." "समजा, पुलावर पाणी आलं." आम्ही म्हणायचो, अहो बाई, सकाळी सकाळी असलं अभद्र कशाला? त्यावर बाई चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मी बोलले न्हाय म्हणून पाणी थांबणार हाय व्हय?"

मी डिस्पॅचला. म्हणजे टँकर, टेम्पो, ड्रायव्हर आणि शिव्या, एवढं माझं खातं. बाईंचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलेलं. मी रंकाळ्याकडचा साळोखे, फोनवर बोलायला लागलो की फोनची गरजच नाही असं लोक म्हणतात. बाई शिरोळकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या, शिकून एमएस्सी झालेल्या. आवाज कधी चढायचा नाही. ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर देता येतं हो, पण हळू बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय? मी तावातावानं बोलून दमलो की बाई शांतपणे विचारायच्या, "झालं? मग आता समजा..."

बाईंकडं प्रत्येक वस्तू दोन असायची. दोन चष्मे, दोन पेनं, कपाटाच्या दोन किल्ल्या. दोन छत्र्या, एक हातात आणि एक ऑफिसात टांगलेली. घरी जायचे रस्तेसुद्धा दोन. एक दिवस सरळ जायच्या, दुसऱ्या दिवशी वळसा घालून. मी एकदा विचारलं, "बाई, पेट्रोल जास्त झालंय काय?" तर म्हणाल्या, "रस्ता पायाखालचा पाहिजे साळोखे. समजा..." मी हात जोडले आणि पळालो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक हुबळीला दिलेली, तेव्हा घरात बाई एकट्याच. संघ हेच त्यांचं घर, असं आम्ही म्हणायचो. म्हणताना आम्हाला फार काही वाटायचं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा बाईंचा नेम. मावळल्यावर तोंडात काही नाही. थंडीच्या दिवसांत संचालकांची मीटिंग लांबली की बाई सरळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन डबा उघडायच्या. चेअरमनसाहेब म्हणायचे, "मगदूम बाई, मीटिंग चालू हाय."

"चालू दे की साहेब, मी ऐकतेय. सूर्य काय मला विचारून मावळत न्हाय."

भाकरी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. वास सगळ्या खोलीभर. मग चेअरमनच घड्याळ बघायचे आणि चहा मागवायचे. बाईंच्या त्या डब्यानं आमच्या कितीतरी फालतू मीटिंगा वेळेत संपवल्या, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

हे 'समजा' पहिल्यापासून होतं, पण पुराच्या वर्षानंतर ते हाताबाहेर गेलं. त्या वर्षी संघाच्या आवारात पाणी शिरलं, मशिनं बंद पडली, संकलन थांबलं. गगनबावड्याचा रस्ता तर मांडुकलीपाशी पाण्याखाली गेला तो गेलाच. पाणी उतरल्यावर त्या बाजूला पहिली जीप गेली त्यात मी आणि बाई होतो. एका गावात आमच्या संकलन केंद्राला कुलूप, आणि त्या कुलपापुढं एक बाई दुधाची किटली घेऊन उभी. अंगावर प्लॅस्टिकची खोळ, पाय चिखलात. रोज यायची म्हणे. संघ बंद आहे हे माहीत असून यायची, थोडा वेळ वाट बघायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागेल तेवढं द्यायची आणि राहिलेलं ओतून द्यायची.

बाईंनी विचारलं, "बंद हाय म्हायती हुतं न्हवं? मग का आलीस गं?"

ती म्हणाली, "तर काय करू अक्का? म्हशीला सांगू व्हय, संघ बंद हाय, आज पान्हा सोडू नको म्हणून?"

ती काही रागानं बोलली नाही, खरं उत्तर मागत होती. बाई जीपमध्ये येऊन बसल्या. बालिंग्याच्या पुलावर म्हणाल्या, "साळोखे, आपण तिला सांगितलं दूध ओत म्हणून."

"आपण कुठं? पाण्यानं सांगितलं."

"पाणी येणार हे आपल्याला माहीत न्हवतं व्हय? दरवर्षी येतंय की ओ." आणि खिडकीतनं बाहेर बघत बसल्या. डोळे पुसत होत्या का, ते मी बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

पुढच्याच वर्षी आमच्याकडून दूध पावडर घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं कळवलं, की तुमच्यावर संकट आलं तरी काम चालू राहील अशी व्यवस्था तुमच्याकडं आहे, हे बाहेरच्या त्रयस्थ माणसांकडून तपासून घ्या आणि सर्टिफिकेट दाखवा. नाहीतर पुढचा करार होणार नाही. कागदावर त्या प्रकरणाचं नाव होतं 'व्यवसाय सातत्य व्यवस्थापन प्रणाली'. आमच्यात कुणाला ते एका दमात म्हणता येईना, म्हणून आम्ही त्याला 'बंद पडलं तर' म्हणायला लागलो. करार गेला तर खर्चाला कात्री लागणार आणि पहिली कात्री गगनबावड्याच्या रूटवर पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लांबचा रस्ता, थोडं दूध आणि सहा महिने पाऊस. संचालक मंडळात तसं उघड बोललंही गेलं. काम कुणाकडं द्यायचं यावर मात्र चर्चा झाली नाही. सगळ्यांनी एकदमच कोपऱ्यातल्या डब्याकडं बघितलं.

पुण्याहून एक सल्लागार आला. हुशार पोरगा, बोलणं गुळगुळीत. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट कशाकशासाठी घ्यायचं, ती हद्द आपणच ठरवायची असते. गगनबावड्याचा रूट हद्दीबाहेर ठेवला तर काम सोपं होईल. तिथंच सगळी अडचण आहे."

बाईंनी विचारलं, "म्हणजे जिथं बंद पडतंय तेवढं सोडून बाकीचं बंद पडत न्हाय, असं सर्टिफिकेट?"

पोरगा लाजला. रूट हद्दीत राहिला. चेअरमनसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला नापास करणार." बाई म्हणाल्या, "नापास झालो तर रूट बंद करायचं पाप तुमच्यावर न्हाय, माझ्यावर. लिहून घ्या पाहिजे तर."

मग बाई खातंवारी फिरायला लागल्या. एकच प्रश्न, "तुमचं खातं बंद पडलं तर संघ किती वेळ तग धरंल?" आता आमच्या कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या मिशीला हात लावणं. प्रत्येकाचं उत्तर एकच, "आमच्यावाचून एक मिनिट चालायचं न्हाय!" अकाउंटवाल्यांना बाईंनी 'आठवडाभर थांबलं तरी चालेल' या रकान्यात टाकलं, तर ते जेवणाच्या सुट्टीत येऊन भांडले, "म्हणजे आम्ही हितं माशा मारतो व्हय?" कँटीनवाला म्हणाला, "चहा बंद पडू दे, मग बघा कोण मशिन चालवतंय." मी तर बाईंना स्पष्ट सांगितलं, डिस्पॅच म्हणजे संघाचा प्राण.

बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. मग अगदी हळू विचारायच्या, "जोतिबाच्या यात्रेला तुम्ही रजेवर हुता, तेव्हा बंद हुतं का ओ खातं?" माणूस एकदम फुग्यातली हवा गेल्यासारखा बसायचा. अकाउंटवाले सुनीलराव मात्र जाता जाता मला म्हणाले, "साळोखे, आपल्यावाचून चालतंय हे पटवून घ्यायला बी छाती लागते." ते वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. ते पुढं कुणाला लागू पडणार आहे हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं, ना मला.

त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी एक पर्यायी माणूस ठरवायचा होता. प्रमुख आला नाही तर त्याचं काम कोण करणार, त्याचं नाव द्यायचं. आम्ही सगळ्यांनी पटापटा विश्वासाची माणसं दिली. बॉयलरवर दत्तू खोत, त्याचा पर्यायी त्याचा चुलतभाऊ. इलेक्ट्रिशियनचा पर्यायी त्याचा मेव्हणा. माझ्या टँकरच्या ड्रायव्हरांचं तसंच. चूक कुणाला दिसली नाही, बाईंनासुद्धा. आपल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

रंगीत तालमीचा दिवस ठरला. प्रमुख माणसं मुद्दाम बाजूला बसणार आणि पर्यायी माणसं संघ चालवून दाखवणार. सकाळी बघतो तर बॉयलर थंड. दत्तू नाही, चुलतभाऊ नाही, इलेक्ट्रिशियन नाही, मेव्हणा नाही, निम्मे ड्रायव्हर नाहीत. नदीपलीकडच्या एकाच गावची ही सगळी माणसं. गावातला भावकीतला एक म्हातारा वारला होता आणि त्या सकाळी त्याचं रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर एक वेळ खपतं, पण रक्षाविसर्जनाला नाही गेलं तर माणूस आयुष्यातनं उठतो. सल्लागार डोक्याला हात लावून बसला होता. त्याला वाटत होतं संप झालाय.

दुपारी दत्तू आला, डोकीला टॉवेल, तोंड उतरलेलं. बाईंपुढं उभा राहून म्हणाला, "बाई, म्हातारा काय तुमचं वेळापत्रक बघून गेला न्हाय."

"तेच तर मी सांगते दत्तू. पूर बी बघून येत न्हाय. पूर आला तर तू बी पल्याड आणि तुझा भाऊ बी पल्याड. मग बॉयलर कोण पेटवणार, मी?"

चेअरमनसाहेब म्हणाले, "ही तालीम झालीच नाही असं समजू. पुढची तारीख घ्या." सल्लागारानंही मान हलवली. बाई म्हणाल्या, "झाली की. आणि नापास झाली. तसंच लिहायचं."

"अहो, तपासायला येणारा माणूस ते वाचंल!"

"वाचू दे. आपण कुठं पडतो हे आपल्याला कळतंय का न्हाय, हेच बघायला येणार हाय तो."

तेव्हापासून नियम झाला. पर्यायी माणूस भावकीतला नको, पावण्यातला नको आणि नदीच्या त्याच काठावरचा तर अजिबात नको. ऐकायला सोपं आहे, पण दत्तूनं आपल्या बॉयलरची खोड परक्या गावच्या माणसाला शिकवायची म्हणजे पोटची पोरगी परमुलखात देण्यासारखं होतं. तीन आठवडे त्यानं बाईंशी बोलणं टाकलं. बाई रोज बॉयलरपाशी जायच्या, स्टुलावर बसायच्या, काही न बोलता उठून यायच्या. शेवटी एक दिवस दत्तूच म्हणाला, "पाठवा त्या पोराला. पण चपला काढून यायला सांगा."

हळूहळू बाकीचं जुळलं. संघात पाणी शिरलं तर दूध गारगोटीच्या आमच्या लहान केंद्रावर पॅक करायचं, तिथल्या पिशवीवर गारगोटीचा वेगळा शिक्का मारायचा. गगनबावड्याचं दूध रस्ता बुडण्याआधीच उलटं वळवायचं, घाटाखाली कोकणात, तिथल्या एका डेअरीशी बोलून ठेवलेलं. "आमचं दूध कोकणात?" म्हणून संचालकांचा जीव कासावीस झाला. पण ओतण्यापेक्षा बरं, हे त्यांनाही कळत होतं.

आणि मग ऑडिटर आले. हे लोक दोनदा येतात. पहिल्यांदा कागद आणि तयारी बघतात, दुसऱ्यांदा कागदावरचं खरोखर होतंय का ते बघतात. आलेले गृहस्थ मद्रासकडचे, पांढऱ्या केसांचे, बाईंसारखेच हळू बोलणारे. नापास झालेली तालीम त्यांनी दोनदा वाचली आणि बाईंकडं बघून मान डोलावली. आम्ही मनात म्हटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी हिंदीत विचारलं, "सगळ्यांना पर्यायी माणूस आहे. मॅडमना कोण?"

चेअरमनसाहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्या मगदूम बाई कधी रजाच घेत नाहीत साहेब!"

त्यांना ते कौतुक वाटलं होतं. ऑडिटरांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या भेटीच्या आत ही त्रुटी निघाली नाही तर सर्टिफिकेट नाही. मी बाईंकडं बघितलं. अख्ख्या संघाला पर्यायी माणूस शोधायला लावणारी बाई, आणि स्वतःच्या जागेपुढं कोरं. दूध वळवायचं कधी हे बाई ठरवणार, कोकणातल्या डेअरीशी बाई बोलणार, गारगोटी बाई सुरू करणार. आम्हा कुणाच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. बाईंच्या आलं असणार, असं मला अजून वाटतं. त्या दिवशी संध्याकाळी डबा टेबलावर तसाच राहिला आणि दिवस मावळला. बाई उपाशी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "साळोखे, माझे पर्यायी तुम्ही."

मी उडालोच. "मी? अहो, लॅबमधली देसाई हाय की. हुशार पोरगी हाय."

"देसाई माझं सगळं ऐकते. तुम्ही कायबी ऐकत न्हाईसा. आणि माझ्या गल्लीत पुराचं पाणी येतंय, तुमच्या येत न्हाय."

मग शिकवणी सुरू झाली. शिकवणी कसली, नुसता छळ! मला म्हणायच्या, "समजा मी न्हाय. लावा कोकणात फोन." मी फोन लावायचो, दोन वाक्यं बोलायचो, की बाई माझ्या हातातनं फोन काढून घेऊन स्वतः बोलायला लागायच्या. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी भडकलो. "बाई, मला शिकवताय का तुम्हीच करताय? तुम्ही न्हाई म्हणताय आणि हितंच बसलाय की!"

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "हात जातोय ओ साळोखे. तुम्ही चुकाल म्हणून न्हाय. तुम्ही चुकणार न्हाईसा, म्हणून भ्या वाटतंय. माझ्यावाचून चाललं, तर मग संध्याकाळी मी कुठं जाऊ?"

मी आपलं "चहा सांगू काय?" म्हणालो. बाई म्हणाल्या, "सांगा. आणि उद्यापासून मी मधी बोलले तर माझ्या हातावर पट्टी मारा." पट्टी मी टेबलावर आणून ठेवली खरी. ती उचलायची वेळ बाईंनी येऊ दिली नाही.

ऑडिटर दुसऱ्यांदा आले ते ऐन जुलैत. तीन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. सकाळी सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, "समजा, आज मॅडम नाहीत." बाईंचा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून आम्हाला हसू आलं, आणि लगेच गेलं. बाई उठल्या, छत्री आणि डबा घेतला आणि समोरच्या व्हरांड्यात वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसल्या. मला काचेतनं दिसत होत्या.

आणि नेमकं खरंच पाणी चढायला लागलं. गगनबावड्याकडं पाऊस कोसळतोय, नदीवरच्या बंधाऱ्याची पातळी आमच्या ठरलेल्या खुणेला टेकायला आलेली. खुणेला टेकली आणि वर पाऊस चालू असला, की दूध उलटं वळवायचं, असं आमचं ठरलेलं. उशीर केला तर टँकर मधेच अडकणार आणि दूध नासणार. चेअरमन म्हणाले, "तासभर थांब रे, उतरंल पाणी. उगाच कोकणाला दान नको." पातळी खुणेला टेकली. मी काचेतनं बाईंकडं बघितलं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, उठल्या, खुर्ची उचलून फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या.

त्या पाठीचा मला इतका राग आला म्हणून सांगू! तशा रागातच मी फोन उचलला आणि दूध घाटाखाली वळवलं. गारगोटीला गाड्या काढल्या. बॉयलरवर परक्या गावचा पोरगा होता, त्याला तयार राहायला सांगितलं. ऑडिटर कोपऱ्यात बसून बघत होते.

आणि संध्याकाळी पाऊस थांबला. पाणी रस्त्यावर आलंच नाही. चेअरमनसाहेबांनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, संघाचं दूध फुकट कोकणात घातलं म्हणून. मी मान खाली घालून उभा. बाई डबा संपवून आत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, छत्री घेऊन गेलं आणि पाऊस आला न्हाय, म्हणून छत्री चुकली व्हय?"

ऑडिटरांना मी ते मोडक्या हिंदीत सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळं हसले. मॅडम नसताना ठरल्याप्रमाणे वेळेत निर्णय झाला, एवढंच त्यांना बघायचं होतं. पुढं सर्टिफिकेट आलं, करार झाला, रूट राहिला. हारतुऱ्यांचा फोटो निघाला त्यात बाई नाहीत. दिवस मावळत होता, त्या जेवायला बसल्या होत्या.

निवृत्तीच्या आधीचे काही महिने बाई थोड्या हरवल्यासारख्या झाल्या. एकदा व्हरांड्यात मला म्हणाल्या, "आता मला कोण कायबी विचारत न्हाय साळोखे. लई बरं वाटतंय. आणि लई वाईट बी वाटतंय." मी म्हणालो, "विचारू काय रोज कायतरी?" म्हणाल्या, "खबरदार!"

त्या निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात नदी पुन्हा पात्राबाहेर आली. आदल्या दिवशीच मी गगनबावड्याचं दूध घाटाखाली वळवलं होतं. संघात पाणी शिरायला लागलं तसा माझा धीर सुटला आणि मी बाईंना फोन लावला. "बाई, मी साळोखे. गारगोटी आत्ता सुरू करू का..."

"राँग नंबर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आवाज बाईंचाच होता, शंकाच नाही. मी एकटाच ऑफिसात उभा राहून बाईंच्या नावानं दोन शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. मग गारगोटी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी पूरग्रस्तांना दूध वाटायला म्हणून मी टेम्पो घेऊन एका मंगल कार्यालयात गेलो. तळमजल्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. भिंतीकडेला, खुर्चीवर, मांडीवर दोन छत्र्या घेऊन मगदूम बाई. गल्लीत पाणी येणार हे ओळखून सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या होत्या, वळशाच्या रस्त्यानं. दोन दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी पिशवी हातात दिली. बाईंनी पहिला चष्मा काढून दुसरा लावला आणि पिशवी डोळ्यांजवळ धरली.

"तारीख आजची हाय," त्या म्हणाल्या. मग शिक्का वाचला. "गारगोटी." बोट त्या शिक्क्यावरनं फिरत राहिलं. "आणि गगनबावडा?"

"घाटाखाली. एक थेंब ओतला न्हाय बाई."

बाईंनी मान वळवून बघितलं. खिडकीबाहेर नुसतं करडं आभाळ, सूर्य कुठं आहे कळायला मार्ग नाही. "दिवस मावळला काय ओ?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल बघितला. "हाय अजून थोडा." स्वयंपाकघरातल्या बायकांकडनं मी तेवढं दूध घाईनं तापवून आणलं. बाईंनी फुंकर घालत, खिडकीकडं बघत सगळा पेला संपवला आणि पदरानं ओठ टिपले.

आता शाबासकी मिळणार म्हणून मी उभा होतो. बाई म्हणाल्या, "साळोखे, समजा तुम्ही न्हाईसा. तर तिकडं संघात कोण हाय?"

"देसाई हाय. सकाळपासनं तीच बघतेय," मी म्हणालो. "मी हितं उभा हाय म्हणजे माझ्यावाचून चाललंय की, बाई."

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. पाणी उतरलं तशी लेक येऊन त्यांना हुबळीला घेऊन गेली, आणि त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला, मला टेम्पोकडं जायची खूण केली, आणि मी जातोय का ते न बघता खुर्ची खिडकीकडं फिरवून माझ्याकडं पाठ करून बसल्या.